भिंत, हाक आणि गवंडी



आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात अधिक झाले. तेव्हा शरीरशास्त्रावर आम्ही बोलावे, हे धाडसच. पण जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत उभ्या राहणाऱ्या माणसांत आमचे उभे आयुष्य गेले. त्यांचा खोकला ऐकता ऐकता प्रश्न पडला, श्वासनलिकेचे अस्तर रोज खरवडले जाते, ते भरून कसे येते?

हे अस्तर म्हणजे पेशींचा थर. प्रत्येक पेशीचे वरचे अंग हवेकडे आणि खालचे शरीराकडे. शेजारच्या पेशी वरच्या कडेला अशा घट्ट सांधलेल्या असतात की वरचा ओलावा खाली सहसा झिरपत नाही. 'वाढा, पसरा' असा निरोप नेणाऱ्या द्रव्यांना वृद्धिघटक म्हणतात, आणि तो निरोप घेणारा जो रेणू पेशीच्या आवरणात रोवलेला असतो, त्याला ग्राही. अशा एका घटकाच्या शोधाबद्दल स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

पेशी शरीराबाहेर वाढवता येतात, म्हणून पुढचे कळले. ही विद्या आपल्याकडे रुजवणाऱ्यांत पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे होत्या; मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी त्यासाठी प्रयोगशाळा उभारली.

२००३ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले, की श्वासनलिकेत हेरेग्युलिन नावाचा वृद्धिघटक वरच्या ओलाव्यात सदैव हजर असतो, आणि त्याचे ग्राही मात्र खालच्या अंगास. म्हणजे हाक मारणारा भिंतीबाहेर, गवंडी आत. भिंत शाबूत आहे तोवर हाक ऐकूच जात नाही. भिंतीला भगदाड पडले, की त्याच भगदाडातून हाक आत शिरते आणि गवंडी तत्क्षणी कामाला लागतो. अर्ज नाही, मंजुरी नाही! आमच्या अर्जांना हे भाग्य कधी लाभले नाही.

मग ग्राही नेमका खालीच कसा पोचतो? पेशीत तयार झालेला माल इवल्या पिशव्यांतून जागेवर जातो. कोहेन यांच्या घटकाचा जो ग्राही, त्याच्या पेशीच्या आतल्या भागातच जणू पत्ता लिहिलेला असतो. तो तुकडा बिघडवला, तर माल भलत्या अंगासही जातो.

मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी धरणारा एक आनुवंशिक रोग आहे. कोहेन यांचा घटक लघवीत मुबलक असतो. निरोगी मूत्रपिंडात ग्राही खालच्या अंगास असल्याने तो निरुपद्रवी. या रोगात मात्र ग्राही वरच्या अंगास सापडले. पेशींना हाक अखंड ऐकू जाते आणि गाठी वाढण्यास हातभार लागतो, असे मानतात.

विडीचे काय, असे आमचे सोबती विचारतात. धुरामुळे हे सांधे सैल होतात. आयोवाच्या संशोधकांचा तर्क असा, की मग जखम नसतानाही हाक आत पोचत राहते, आणि गवंडी बांधतच सुटतो.