चोवीस तासांचे धनी

(दारव्हा येथे वर्षावासानिमित्त भरलेल्या सभेतील भाषण)



आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपण सायंकाळी विहारात जमतो आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन ऐकतो. दिवसभर निंदण करून, डवरे धरून थकलेली माणसे तासभर शांत बसतात, ही लहान गोष्ट नव्हे. हा एक तास आपला असतो. उरलेल्या तेवीस तासांचे धनी कोण, हा प्रश्न आज मला आपणांपुढे ठेवावयाचा आहे.

हा प्रश्न विचारण्याची सोय आपल्या पूर्वजांस नव्हती. मुंबई इलाख्यातील महारकी वतन म्हणजे काय होते? वतनदार महाराने, आणि तो घरी नसेल तर त्याच्या घरच्या माणसाने, रात्री-अपरात्री बोलावणे येताच धावले पाहिजे, असा तो बंध होता. आपला वऱ्हाड त्या इलाख्यात नव्हता. परंतु वेठ काय असते, हे येथील माणसालाही ठाऊक होते. १९२८ साली परमपूज्य बाबासाहेबांनी त्या वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात आणले. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामाचा आठवडा ४८ तासांवर आला. आणि १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातील कनिष्ठ वतने रद्द झाली. या लढ्यांतून आपणांस जे मिळाले, त्यात आपला स्वतःचा वेळही आहे.

मग तो वेळ आज कोणाच्या हाती आहे? आठवडी बाजाराच्या दिवशी मजुरी हाती पडते, आणि घरी पोहोचण्यापूर्वी तिचा मोठा वाटा दारूच्या दुकानात राहतो. मुलगा अभ्यासाला बसतो, आणि हातातल्या मोबाइलवर दोन तास कसे गेले हे त्याला कळत नाही. पूर्वी पाटलाच्या हाकेने माणूस उठत असे. आज व्यसनाच्या हाकेने उठतो. हाक कोणाचीही असो, आपल्या इच्छेविरुद्ध जो उठतो, तो स्वतंत्र झाला असे कसे म्हणावे?

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. गरीब माणूस त्याच्या सवयींमुळे गरीब राहिला, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. कापसाचा भाव, सावकाराचे व्याज आणि हजारो वर्षांचा जातिभेद ही दारिद्र्याची कारणे आहेत, आणि त्यांच्याशी हक्कांच्या लढ्यानेच झुंजावे लागेल. परंतु लढणाऱ्याचे मन ताळ्यावर हवे आणि घर उभे हवे. यासाठी शिस्त हवी. धन्याचा हुकूम पाळणे ही शिस्त नव्हे. आपण स्वतः ठरविलेले आपण पाळणे, ही शिस्त होय.

ती अंगी कशी बाणवावी? पंचशीलातच याचे उत्तर आहे. पंचशील आपण प्रत्येक सभेत पुन्हा का ग्रहण करतो? कारण ते शिक्षापद आहे. म्हणजे शिकण्याचा नियम आहे. शिकणारा चुकतो आणि पुन्हा गिरवतो. नुकतीच दीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. एक दिवस पाय घसरला म्हणून ‘आता सर्वच गेले’ असे मानू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा आरंभ करावा. सोण नावाच्या भिक्खूने चालता चालता पायांतून रक्त येईपर्यंत साधना केली, तेव्हा तथागतांनी त्यास वीणेच्या तारांचा दाखला दिला. तार अति ताणली तर सूर लागत नाही, आणि सैल ठेवली तरीही लागत नाही. म्हणून एकाच दिवशी दहा व्रते घेऊ नका. एकच घ्या, परंतु रोज पाळा.

दुसरे असे की, केवळ मनोनिग्रहावर विसंबू नका, व्यवस्था बदला. बाबासाहेब विद्यार्थी असताना त्यांचे कुटुंब परळच्या चाळीत एका खोलीत राहत असे. एवढ्या गर्दीत अभ्यास व्हावा कसा? वडील रामजी सुभेदार यांनी मार्ग काढला. भीमरावाने लवकर निजावे. स्वतः जागून ते त्यास रात्री दोन वाजता उठवीत. सारे घर निजलेले असताना अभ्यास होई. १९२३ साली लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. पदवी मिळविणाऱ्या पुरुषाच्या तपश्चर्येमागे घरातील ही व्यवस्था होती. आपणही हेच करावे. जेवण झाल्यावर एक तास घरातील सर्व मोबाइल एका फळीवर ठेवावेत, आणि मुलाजवळ बसावे. वाचता येत नसले तरी बसावे.

पैशाचेही तसेच आहे. सिगाल नावाच्या गृहस्थपुत्रास तथागतांनी सांगितले की मिळकतीचे चार भाग करावेत. एक उपभोगास, दोन उद्योगास आणि चौथा संकटकाळासाठी. रोजमजुरी करणाऱ्यास एवढे जमणार नाही, हे मी जाणतो. परंतु क्रम तर पाळता येईल! मजुरी मिळताच प्रथम थोडे बाजूला काढावे, मग बाजार करावा. ते पैसे घरातील स्त्रीच्या हाती किंवा बचत गटात जावेत. दारूच्या दुकानावरून जाणारी वाट सोडून दुसऱ्या वाटेने, आणि एकट्याने न येता सोबतीने घरी यावे. सतरावी प्रतिज्ञा आपण घेतली आहे. ती पाळणे या साध्या उपायांनी सोपे होते. आणि भगिनींनो, गावातील निम्म्याहून अधिक स्त्री मतदारांनी आडव्या बाटलीस मत दिले तर परवान्याचे दुकान बंद करता येते, हा आपला कायदेशीर हक्क आहे. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्वच्छ राहा, दुर्गुणांपासून दूर राहा, मुलांना शिक्षण द्या, असाच उपदेश केला होता.

आपण शेतात राबणारी माणसे. पेरणीचे पहिले तास सरळ गेले की पुढची तासे त्याच्या आधाराने सरळ जातात, हे आपणांस सांगावयास नको. दिवसाचेही पहिले तास असेच धरावे.

आश्विन पौर्णिमेपर्यंत प्रत्येक घराने एकच नियम निवडावा. तो भिंतीवर लिहावा आणि पाळला त्या दिवशी लेकराच्या हातून त्यापुढे एक रेघ ओढवावी. पौर्णिमेला आपण येथे पुन्हा जमू, तेव्हा कोणी कोणाच्या रेघा मोजू नयेत. आपापल्या मोजाव्यात. आज जो एक तास आपला आहे, त्याचे दोन झाले असतील, तर हा वर्षावास सार्थकी लागला असे मी समजेन.

जय भीम.