कोळशातून थेट वीज



कोळशापासून वीज करायची म्हणजे आपण काय करतो? कोळसा दळतो, जाळतो, त्या आचेवर पाण्याची वाफ करतो, वाफेने टर्बाइन फिरवतो आणि टर्बाइनने जनित्र. चंद्रपूरचे वीजकेंद्र असो की कोराडीचे, रीत हीच. या फेऱ्यात कोळशातली बरीचशी ऊर्जा वाफ थंड करतानाच वाया जाते आणि जेमतेम तिसरा हिस्सा वीज होऊन तारेत येतो. मग कोळसा न जाळता त्यातून सरळ वीज काढता येणार नाही का?

अमेरिकेत विल्यम जॅक्स यांनी 1896 साली अशाच एका विद्युतघटाचे पेटंट घेतले. लोखंडी भांड्यात वितळलेला कॉस्टिक सोडा, त्यात कोळशाची कांडी आणि पंपाने आत सोडलेली हवा. असे शंभर घट जोडून त्यांनी सुमारे दीड किलोवॅट वीज मिळवली आणि 82 टक्के कार्यक्षमतेचा दावा केला. पण भट्टीची उष्णता आणि पंपाला लागणारी ऊर्जा त्यांनी हिशेबात धरलीच नव्हती. ती धरल्यावर आकडा 8 टक्क्यांवर उतरला. शिवाय निघणारा कार्बन डायॉक्साइड सोड्यात मुरून त्याचा कार्बोनेट होई, म्हणजे सोडा सतत बदलत राहायचा.

हा सोड्याचा त्रास घन ऑक्साइड इंधनघटात, म्हणजे सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेलमध्ये, उरत नाही. इथे द्रवाच्या जागी चिनी मातीसारखी कडक चकती असते. झिर्कोनियात थोडा यिट्रिया मिसळून ती घडवतात. सातशे ते हजार अंश सेल्सियसला तापली की तिच्यातून ऑक्सिजनचे आयन सरकू लागतात. एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला इंधन. ऑक्सिजन चकती ओलांडतो आणि इंधनाशी संयोग पावतो. सुटे झालेले इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेने परत हवेच्या बाजूला येतात. तीच आपली वीज. इंधनाच्या बाजूला निकेलचा थर असतो. नवा घट हातात घेतला तर तो थर हिरवा दिसतो, कारण ते निकेल ऑक्साइड असते. पहिल्यांदा तापवून हायड्रोजन सोडला की त्याचे धातू निकेल होते आणि थर करडा पडतो. एका घटाचा विद्युतदाब एक व्होल्टच्या आतबाहेर, म्हणून अनेक घटांची चळत रचावी लागते.

या घटात इंधन म्हणून थेट कार्बन वापरला, तर कागदावरची कार्यक्षमता शंभर टक्क्यांच्या आसपास जाते. मग घोडे कुठे अडते? कोळसा घन, निकेलचाही थर घन. दोघे टेकतात ते मोजक्या ठिकाणी. त्यात राख साचली की तेवढाही स्पर्श तुटतो. गंधकामुळे निकेल मंदावते. वायूत दहा लाखांत एखादा भाग हायड्रोजन सल्फाइड असला तरी फरक पडतो. गंधक थांबवले तर घट बराचसा सावरतो. फॉस्फरस आणि आर्सेनिक मात्र निकेलशी संयुगे करून बसतात, ते नुकसान भरून येत नाही.

म्हणून कोळसा आधी साफ करायचा. वॉशरीत, म्हणजे कोळसा धुण्याच्या कारखान्यात, मॅग्नेटाइटची पूड मिसळलेल्या जड पाण्यात तो सोडतात. तांदूळ रोळताना खडे तळाला राहतात, तसे इथे दगड बुडतात आणि हलका कोळसा वर तरंगतो. आपल्याकडचा कोळसा इथेच हट्ट धरतो. त्यात गंधक कमी, पण राख अनेकदा 30 ते 45 टक्के, आणि तीही कणाकणात भिनलेली. दूरच्या वीजकेंद्रांना 34 टक्क्यांहून अधिक राखेचा कोळसा पाठवू नये, असा नियम केंद्र सरकारने केला होता. 2020 मध्ये तोही उठला. इंधनघटाला राख हवी एक टक्क्याच्याही खाली. त्यासाठी आम्ल आणि अल्कली वापरून कोळसा धुवावा लागतो किंवा द्रावकाने त्यातला उपयोगी भाग वेगळा काढावा लागतो. खर्च वाढतो आणि धुवणाचे सांडपाणी मागे राहते.

दुसरी वाट म्हणजे कोळशाचा वायू करून तो वायूच साफ करायचा. जपानमध्ये हिरोशिमा प्रांतातल्या ओसाकी बेटावर हे करून पाहिले. 2017 पासून तिथे 166 मेगावॅटच्या संयंत्रात कोळशाचा वायू करून वीज काढली, पुढे कार्बन डायॉक्साइड वेगळा केला आणि 2022 मध्ये उरलेला हायड्रोजनयुक्त वायू इंधनघटांना दिला. मोठ्या प्रमाणावर हे साधले, तर 90 टक्के कार्बन डायॉक्साइड अडवूनही 47 टक्के कार्यक्षमता मिळावी, असे या प्रकल्पाचे उद्दिष्ट होते.

यातून एक गोष्ट मात्र सुटत नाही. कोळसा कितीही धुतला, तरी आत राहतो तो कार्बनच, आणि पूर्ण उपयोगात आलेल्या एक किलो कार्बनमागे साडेतीन किलोंहून अधिक कार्बन डायॉक्साइड तयार होणारच. मग तो भट्टीत जाळा की घटात वापरा. घटाचा फायदा इतकाच, की तेवढ्याच विजेला कोळसा कमी लागतो आणि इंधनाच्या बाजूला हवेतला नायट्रोजन येत नसल्याने कार्बन डायॉक्साइड वेगळा करणे सोपे जाते. तो वेगळा केल्यावर साठवायची सोय असेल, तर या सगळ्या खटाटोपाला अर्थ आहे. ती सोय नसेल, तर आपण फक्त थोडा कोळसा वाचवला आणि राख व गंधक चिमणीच्या आधी काढले, एवढेच म्हणता येईल.