सदाफुलीचें औषध

सदाफुली ओळखत नाहीं असें घर आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत क्वचितच सांपडेल. ती मूळची मादागास्करची. पण आतां तुळशीवृंदावनाशेजारीं, शाळेच्या कुंपणाशीं, कोठेंहि फुलते. गुरें तिला सहसा तोंड लावीत नाहींत. तिच्या पानांतील विष रसग्रंथींच्या कर्करोगावर, म्हणजे डॉक्टर ज्याला लिम्फोमा म्हणतात त्यावर, औषध झालें. आणि त्याच पानांपायीं माझ्या हातून एक चूक घडली. त्या दोन्ही गोष्टी आज सांगावयाच्या आहेत.

शोधाची कथा मोठी मौजेची आहे. जमेकांतील लोक या पानांचा काढा मधुमेहावर घेत. १९५२ सालीं तेथून कांहीं पानें कॅनडांतील डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे आलीं. त्यांनीं तीं आपले बंधु रॉबर्ट यांच्या प्रयोगशाळेंत पाठविलीं. उंदरांच्या रक्तांतील साखर कांहीं उतरली नाहीं. उतरल्या त्या पांढऱ्या पेशी! दुसरा कोणी असता तर पानें फेकून देता. रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर यांनीं त्याचाच माग काढला आणि १९५८ सालीं व्हिन्ब्लास्टीन हें द्रव्य जगापुढें ठेवलें. व्हिन्क्रिस्टीन हें त्याचें भावंडहि पुढें याच झाडांत सांपडलें.

पेशी दुभंगतांना तिच्यांत सूक्ष्म तंतूंची जुळणी होते. शास्त्रज्ञ तिला चातीची उपमा देतात, आणि कापसाच्या मुलखांत चात काय हें सांगावयास नको. हे तंतु आनुवंशिक द्रव्याचे वांटे दोन टोकांना ओढून नेतात. सदाफुलीचें द्रव्य तंतूंच्या कच्च्या मालाला, ट्युब्युलिन नांवाच्या प्रथिनाला, चिकटतें. तंतु घडत नाहींत, पेशी मध्येंच अडकते, आणि अखेर आपला अंत आपणच घडवून आणते. अशा मरणाला १९७२ सालीं ‘अपॉप्टोसिस’ हें ग्रीक नांव मिळालें. त्याचा अर्थ पानगळ. आपल्या सागाच्या रानांतून उन्हाळ्याच्या तोंडीं जो चालला आहे त्याला तें पटेल. वादळानें फांदी मोडणें निराळें, आणि झाडानें आंतूनच देठ सोडणें निराळें.

यांतलें मीं तेव्हां एवढेंच वाचलें होतें कीं, औषध सदाफुलीचें आहे. शेजारच्या एका शेतकऱ्यांच्या मानेंत सुपारीएवढी गांठ आली, दुखत नव्हती. मीं ऐटीनें सांगितलें, रोज चार पानें चावा. मी जुना मॅट्रिक, वैद्य नव्हे. परंतु गांवांत गुरुजींचा शब्द कोणी खालीं पडूं देत नाहीं. चार महिने गेले. काखेंतहि गांठी आल्या, रात्रीं घामानें अंथरूण भिजूं लागलें, अंग झडलें. मग नागपूर.

तेथील डॉक्टरांनीं मला समजाविलें. एक ग्रॅम व्हिन्ब्लास्टीनला सुमारें ५०० किलो वाळलेलीं पानें लागतात. चार पानांत औषध नाममात्र, इतर विषें मात्र आहेत. शुद्ध द्रव्य मोजून, इतर औषधांच्या जोडीनें, केवळ शिरेंतून द्यावयाचें. व्हिन्क्रिस्टीन चुकून पाठीच्या कण्यांत गेलें तर रोगी बहुधा दगावतो. दोन-तीन आठवड्यांत न विरणारी गांठ, दुखो वा न दुखो, तपासून घ्यावी. डॉक्टर मजवर रागावले नाहींत. रागावले असते तर बरें वाटलें असतें.

शिरेंत सुई होती. शेजारी म्हणाले, “गुरुजी, हे तेच झाड काय जी?” मीं मान हलविली.

गांठी विरल्या. ते आज शेतावर जातात. औषधानें पायांच्या बोटांस बधिरता आली, ती मात्र राहिली. चप्पल निसटली तरी कळत नाहीं, असें ते हंसून सांगतात. मला हंसूं येत नाहीं.