कागदावर तारीख घाला

विषय दिलाय ‘फ्रायर जॉर्डानस, भारतातले पहिले कॅथलिक बिशप’, आणि वेळ दिलाय मोजका. म्हणून जे सांगायचंच आहे ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर राहून जायचं. घरात जो कागद असेल, जो फोटो असेल, त्याच्या मागे तारीख घाला. तारीख, गाव आणि लिहिणाऱ्याचं नाव. याचा बिशपशी काय संबंध, ते आता ऐका.

जॉर्डानस कॅटलानी हा दक्षिण फ्रान्सकडचा, डॉमिनिकन संघाचा भिक्षू. जन्म कधीचा? नोंद नाही. घ्या, सुरुवातच झाली! तर १३२१ च्या सुमारास हा माणूस इराणातून होर्मुझमार्गे जहाजाने निघाला. सोबत फ्रान्सिस्कन संघाचे चौघे होते : तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफलिसचा दिमित्री. जायचं होतं केरळात कोल्लमला, आणि म्हाताऱ्या थॉमसला तिथून पुढे चीन गाठायचा होता. जहाज लागलं ठाण्याला. हो, आपल्याच ठाण्याला. तिथे नेस्टोरियन ख्रिश्चनांची थोडी घरं होती, त्यातल्या एका घरी हे चौघे उतरले, आणि जॉर्डानस भडोचच्या बाजूला निघाला.

मागे त्या घरात नवराबायकोचं भांडण झालं. नवऱ्याने हात उचलला. बाई काझीकडे गेली आणि म्हणाली, घरी चार साधू आहेत, त्यांना विचारा. साक्षीला बोलावलेले पाहुणे तिथे धर्माच्या वादात ओढले गेले, वाद चिघळला आणि चौघेही जीवाला मुकले. महिना एप्रिलचा, १३२१. ही बातमी पुढे दिल्लीच्या सुलतानापर्यंत गेली आणि त्याने ठाण्याच्या अंमलदाराला कडक शिक्षा केली, असं ओडोरिक नावाच्या दुसऱ्या फ्रायरने सांगून ठेवलंय. जॉर्डानस परत आला, त्याने सोबत्यांना सोपाऱ्याला पुरलं, आणि आता या मुलखात तो एकटा.

एकटा माणूस काय करतो? याने पत्र लिहिलं. गुजरातच्या किनाऱ्यावरच्या घोघा बंदरातून, १२ ऑक्टोबर १३२१ रोजी. तारीख नीट ऐकलीत ना? पुन्हा सांगतो, १२ ऑक्टोबर १३२१. इराणातल्या आपल्या बांधवांना त्याने झालेलं सगळं कळवलं आणि पुढचा हिशेबही मांडला : सोपाऱ्याला दोघे पाठवा, भडोचला दोन-तीन, आणि कोल्लमलाही. छातीवर दगड ठेवून लिहिलेलं पत्र, पण त्यात गाव आहे, दिवस आहे. म्हणून आज सातशे वर्षांनी आपण ठामपणे बोलू शकतो की त्या साली ठाण्यात असं असं घडलं.

आता तेंदूपत्त्याची फळी, म्हणजे पानं गोळा करण्याची जागा, डोळ्यासमोर आणा. मे महिन्यात पहाटे उठून जंगलात जायचं, दुपारी घरी बसून सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधायची आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मांडायची. मुन्शी मोजतो आणि कार्डावर चढवतो. समजा त्याने नुसतं ‘दोनशे पुडके’ लिहिलं आणि तारीख टाकलीच नाही. चुकाऱ्याच्या दिवशी काय होतं? हे मंगळवारचे की बुधवारचे? मधल्या पावसाच्या आधीचे की नंतरचे? बाई शपथेवर सांगते, मुन्शी मान हलवतो, आणि पानं तर केव्हाच गोदामात गेलेली. मेहनत खरी असते हो, पण कार्ड बोलत नाही. जॉर्डानसचं हे पत्र म्हणजे तारीख टाकलेलं कार्ड.

आणि गंमत अशी, की याच माणसाने एक पुस्तक लिहिलं आणि त्यावर सालच घातलं नाही! लॅटिनमधलं, छोटेखानी, पूर्वेकडच्या नवलांचं. हेन्री यूलने १८६३ मध्ये त्याचं इंग्रजी केलं. पुस्तक मोठं मजेदार आहे. फणस कसा झाडाच्या बुंध्याला लागतो, आंबा किती गोड, ताडाला मडकं बांधून रस कसा काढतात, पारशी लोक मृतदेह उघड्या बुरुजात पक्ष्यांसाठी कसे ठेवतात, सगळं आहे. काळ्या कानांचं एक शिकारी जनावर आहे, ते जीव गेला तरी धरलेलं सोडत नाही म्हणे. ताडोबावाल्यांनी जरूर वाचावं. आणि उधई! लोकरीसारख्या पांढऱ्या, बारक्या मुंग्या वासे पोखरतात, चालताना अंगावर बारीक मातीचं कवच करत जातात, ते फुटून ऊन लागलं की मरतात. पलंगाखाली वाकून पाहिल्याशिवाय हे लिहिता येत नाही. साधूच्या डोळ्याला दाद दिली पाहिजे. पण लिहिलं कधी? विद्वान मंडळी अजून घोळ घालताहेत. कुणी बिशप होण्याआधीचं म्हणतं, कुणी नंतरचं. पानं उत्तम, कार्ड कोरं.

त्याचं दुसरं पत्र ठाण्याहून आहे, जानेवारीतलं. आजारी आहे, एकटा आहे, माणसं पाठवा, असं त्यात लिहिलंय. तिथेही साल कुणी १३२३ धरतं, कुणी १३२४. एका वर्षाने काय बिघडलं, असं म्हणू नका. जमिनीच्या दाव्यात एका वर्षाने काय बिघडतं ते सातबारा घेऊन कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्याला विचारा.

बरं. पुढे तो युरोपात परतला. पोप बाविसावे जॉन तेव्हा फ्रान्समधल्या अविन्यों शहरी राहत. त्यांनी ऑगस्ट १३२९ मध्ये कोल्लम हा भारतातला पहिला लॅटिन धर्मप्रांत जाहीर केला आणि जॉर्डानसला बिशप नेमलं. ठाण्याच्या किनाऱ्यावर दुखणं काढणारा भिक्षू थेट बिशप! १३३० मध्ये पोपची पत्रं घेऊन त्याची रवानगीही झाली. आणि मग? मग काहीच नाही. कोल्लमला पोचला का, गादीवर बसला का, वारला कुठे, कशाचाच कागद नाही. मुंबईकडे मारला गेला अशी एक कथा सांगतात, तिला आधार नाही. बिशप झाल्यावर पत्र लिहायला सवड मिळाली नसेल, किंवा लिहिलेलं उधईनेच खाल्लं असेल.

तुम्ही म्हणाल, आपल्या चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, याचं काय? चांद्याला केरळातूनच सीएमआय या ख्रिस्ती संघाचे फादर आले. १९६२ मध्ये सिरो-मलबार पंथाचं चांद्याचं स्वतंत्र क्षेत्र झालं, १९७७ मध्ये त्याचा धर्मप्रांत झाला आणि जनुआरियस पालाथुरुथी पहिले बिशप झाले. पंथ वेगळा, परंपरा वेगळी, जॉर्डानसशी नातं जोडायला मी जात नाही. पण ही सालं मी किती झटक्यात सांगितली बघा! आणि आता आपल्या गोंडराजांची सांगतो म्हटलं तर अडखळायला होतं. खांडक्या बल्लाळशहाने हे शहर वसवलं, परकोट घालायला घेतला, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. कोणत्या साली, म्हणा. ल्युसी स्मिथ साहेबाने १८६९ च्या सेटलमेंट रिपोर्टात राजांची यादी दिली, त्यातल्या आकड्यांवर अजून मतभेद आहेत. एवढा कोट, एवढी दारं, आणि कार्ड...

समोर स्टुडिओच्या काचेतून दोन बोटं दाखवताहेत, म्हणजे दोन मिनिटं. बायाबापड्यांनो, पुन्हा सांगतो. लग्नाच्या फोटोमागे, आजोबांच्या दाखल्यावर, बचत गटाच्या वहीत, ग्रामसभेच्या ठरावावर. ठरावावर तर आधी! वनहक्काची फाइल एका ठरावावर अडते आणि ठरावावर तारीख नसते, असं माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. गावाचं नाव घेत नाही. पेनने घाला, पेन्सिलने नको. मोबाइलमध्ये आपोआप येते म्हणणाऱ्या पोरांनो, मोबाइल बदलला की...

आणि ओडोरिकची गोष्ट राहूनच गेली. त्याने सोपाऱ्याहून त्या चौघांची हाडं काढली आणि चीनला न्यायला निघाला. वाटेत वारा पडला, जहाज जागचं हलेना. सगळ्या धर्मांच्या लोकांनी आपापल्या देवाला हाका मारल्या, मग ओडोरिकने गुपचूप एक हाड समुद्रात टाकवलं, आणि वारा सुटला, असं तो सांगतो. सांगितलं मे १३३० मध्ये, पादुआला, लिहून घेणाऱ्याने महिना-साल दोन्ही घातलंय. पण हाडं नेली कोणत्या साली, ते मात्र... बरं, लाल दिवा लागला.