घर पोखरले जाण्यापूर्वीच्या खुणा

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व ग्रामपातळीवरील कर्मचारी यांच्यासमोर झालेले भाषण)

मृगाचा पहिला दमदार पाऊस पडून गेला की त्या संध्याकाळी दिव्याभोवती पंखांच्या किड्यांची झुंबड उडते. मुले हरखतात, वडीलधारी माणसे दिवा मालवून घाईने जेवणे उरकून घेतात आणि सकाळी उंबऱ्यापाशी पडलेला पंखांचा ढीग केरसुणीने बाहेर लोटला जातो. विषय तेथेच संपतो. वास्तविक तो तेथे सुरू व्हावयास हवा. हे किडे बाहेरच्या अंगणातून, बांधावरच्या वारुळातून आलेले असतील तर काळजीचे कारण थोडे. परंतु ते घरातल्याच भिंतीच्या फटीतून किंवा दाराच्या चौकटीच्या बुडातून बाहेर पडताना दिसले, अथवा दारे-खिडक्या बंद असलेल्या खोलीत सकाळी पंख सापडले, तर त्या वास्तूत वाळवीचे बिऱ्हाड जुने आहे असे समजावे. वसाहत चांगली वाढल्याखेरीज वाळवी असे पंखवाले नर-मादी बाहेर पाठवीत नाही.

मुंग्यांनाही याच दिवसांत पंख फुटतात, त्यामुळे पुष्कळांची फसगत होते. फरक साधा आहे. मुंगीची कंबर चिमटीत धरल्यासारखी बारीक असते आणि तिचे पुढचे पंख मागच्यांहून मोठे असतात. वाळवीची कंबर जाड व सरळ, चारही पंख एकाच लांबीचे. शाळेतील मुलांना एका तासात हा फरक दाखविता येतो आणि मुले तो घरी जाऊन आजीला सांगतात, हा त्यातील अधिक लाभ.

वाळवी उजेडाला व कोरड्या हवेला भिते. म्हणून जमिनीपासून लाकडापर्यंत ती मातीची बारीक नळी बांधीत जाते. शिसपेन्सिलीएवढ्या जाडीची ही नळी भिंतीच्या कोपऱ्यात, फळ्याच्या मागे, कपाटाच्या पाठीशी आढळते. एखादी नळी दिसली की ती खरवडून टाकून समाधान मानण्याची आपल्याकडे रीत आहे. त्याने काहीच साधत नाही, कारण राणी जमिनीखाली सुखरूप असते. उलट त्या नळीचा उपयोग परीक्षेसाठी करावा. मधला बोटभर भाग मोडावा आणि चार-पाच दिवसांनी पाहावे. ओली, ताजी माती लावून नळी सांधलेली आढळली तर आतली वस्ती जिवंत आहे. ती तशीच मोडकी राहिली तर वाळवीने ती वाट बहुधा सोडली आहे. मात्र दुसरी वाट धरलेली असू शकते, तेव्हा शोध थांबवू नये.

लाकडाची परीक्षा कानाने करावी. वाळवी वरचा पापुद्रा शाबूत ठेवून आतील गाभा खाते, त्यामुळे रंग दिलेली चौकट बाहेरून नवीन दिसते आणि हातोडीच्या दांड्याने ठोकली की पोकळ वाजते. तुळया, वासे, खिडक्यांच्या चौकटी पावसाळ्यापूर्वी एकदा अशा वाजवून पाहण्यास अर्धा दिवसही लागत नाही. लाकडाखाली मैद्यासारखी भुकटी आणि लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी गोल छिद्रे असतील तर तो उपद्रव भुंगेऱ्यांचा. बांबूच्या सामानात तो विशेष आढळतो. खसखशीसारखे सुटे, टणक दाणे पडलेले दिसले तर कोरड्या लाकडात राहणारी वाळवी आहे, आणि तिला मातीची नळी लागतच नाही.

घराच्या वाशांपेक्षाही अधिक काळजी वाटावी अशी एक गोष्ट गावोगावी आहे आणि ती म्हणजे दप्तर. सातबारा आता संगणकावर आला. तथापि शाळेची जुनी जनरल रजिस्टरे, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, मोडी लिपीतील जुनी कागदपत्रे यांतील पुष्कळसा भाग अद्याप कागदावरच आहे. एखाद्या विद्यार्थ्याच्या जातीचा दाखला किंवा वारसाचा हक्क पणजोबांच्या शाळाप्रवेशाच्या एका ओळीवर ठरतो. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी जुनी दप्तरे राज्यभर उघडली गेली, तेव्हा या पिवळ्या पडलेल्या कागदांचे मोल साऱ्यांच्या ध्यानी आले. ते कागद वाळवीला मात्र केवळ खाद्य म्हणून ठाऊक आहेत. लोखंडी कपाटात ठेवले म्हणजे ते सुरक्षित झाले, हाही भ्रम होय. कपाट ओल्या भिंतीला टेकलेले असेल तर पाठीच्या फटीतून नळी आत शिरते आणि नोंदवहीच्या पुठ्ठ्यापासून जेवणास आरंभ होतो. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढावे, तळाशी पाये द्यावेत, गठ्ठे तीन महिन्यांतून एकदा सोडून पाहावेत. ज्या खोलीचे कुलूप वर्षातून एकदाच, तपासणीच्या आदल्या दिवशी उघडते, त्या खोलीत वाळवीला कोणाचीच आडकाठी नसते!

धान्याच्या किडीची खूण ओळखण्यात गृहिणींचा हात कोणी धरू शकत नाही, आणि येथे हात हा शब्द अक्षरशः खरा आहे. कणगीत कोपरापर्यंत हात घातला असता आतील धान्य उबदार लागले की कीड लागली, हे त्यांना न शिकविता कळते. सोंड्याची मादी दाण्याला छिद्र पाडून आत अंडे घालते आणि छिद्र बुजवून टाकते. दाणा वरून धड दिसतो आणि आत अळी वाढत असते. मूठभर धान्य पाण्यात टाकावे. पोखरलेले दाणे वर तरंगतात. कडधान्यांची गोष्ट निराळी. मूग, चवळी, हरभरा यांच्या दाण्यावर चिकटलेला पांढरा ठिपका म्हणजे भुंगेऱ्याचे अंडे. पुष्कळदा ही कीड शेतातूनच, शेंगेबरोबर, घरी येते. तेव्हा डाग दिसताच कडधान्य कडक उन्हात वाळवून, पाखडून, डाळ करून ठेवणे श्रेयस्कर. गोल भोके दिसू लागली म्हणजे एक पिढी दाण्यातून बाहेर पडून गेलेली असते. शालेय पोषण आहाराच्या तांदळाच्या पोत्यांकडे शिक्षकांनी याच दृष्टीने पाहावे. शिवणीपाशी जाळी व गुठळ्या झालेले दाणे दिसले तर पतंगाच्या अळ्या आत आहेत.

येथे एक धोक्याची सूचना देणे अवश्य आहे. धान्यात ठेवण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात वापरू नयेत. त्यांतून सुटणारा वायू किड्यांना आणि शेजारच्या खोलीत निजलेल्या माणसांना सारखाच घातक आहे. त्याने झोपेत माणसे दगावली आहेत. प्रशिक्षित माणसाने हवाबंद गोदामात करावयाचे ते काम आहे.

ढेकूण व झुरळ यांविषयी फार बोलण्याचे कारण नाही, ते सर्वांच्या परिचयाचे आहेत. वसतिगृहांच्या अधीक्षकांनी एवढे मात्र पाहावे की सत्राच्या आरंभी मुलांच्या वळकट्या व पेट्या आत येतात त्यांच्याबरोबर ढेकूण येतो. गादीच्या शिवणीवर, खाटेच्या सांध्यांत शाईच्या बारीक ठिपक्यांसारखे काळे डाग असतात. ओल्या फडक्याने पुसले असता ते फाकतात. अशा मुलाला घाणेरडा ठरविण्यात अर्थ नाही. ढेकूण स्वच्छ अंथरुणातही तितक्याच आनंदाने राहतो. डीडीटीला तर त्याने केव्हाच दाद देणे सोडले आहे. उकळते पाणी आणि उन्हात तापविलेली खाट हे उपाय आजही उपयोगी पडतात.

आता उंदरांकडे वळावयाचे. उंदराच्या खुणा अनेक असतात. भिंतीच्या कडेने अंग घासून पडलेला तेलकट काळपट पट्टा, कुरतडलेली पोती, बिळाच्या तोंडाशी ताजी माती. लेंडी पाहून बरेच कळते. तांदळाच्या दाण्याएवढी व टोकदार असेल तर घरातील लहान उंदीर, अर्ध्या इंचाच्या आसपास असेल तर काळा उंदीर, त्याहून मोठी असेल तर घुशीचा संशय घ्यावा. काळी, चकचकीत व मऊ लेंडी ताजी. करडी पडून बोटात चुरा होणारी जुनी. रात्री वाटेवर राख किंवा रांगोळीची पूड पातळ पसरावी, सकाळी पावलांचे ठसे मिळतात.

पण या सर्वांहून मोठी खूण, उंदीर दिसण्याची नव्हे, तर तो मरून पडण्याची आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे, म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रंथिक सन्निपाताचे, निदान केले. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमों यांनी उंदरावरील पिसू हा रोग वाहून नेते असे दाखविले. परंतु आपल्या खेड्यांतील माणसांनी पिसवेचा शोध माहीत नसतानाही एक गोष्ट हेरली होती. उंदीर पडू लागले की गाव सोडून रानात झोपड्या घालून राहावयाचे. त्या निरीक्षणाने अनेकांचे प्राण वाचविले.

हा सारा जुना इतिहास वाटत असताना १९९४ साल उजाडले. त्याच्या आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला होता. बीड जिल्ह्यातील मामला गावच्या रहिवाशांनी भीतीने घरे सोडून तात्पुरत्या निवाऱ्यांत मुक्काम हलविला. धान्य मात्र घरांत साठविलेले राहिले. माणूस नाही आणि धान्य भरपूर, अशा घरांत उंदरांची पैदास झाली. ऑगस्ट १९९४ मध्ये त्या गावातून पिसवांच्या उपद्रवाची तक्रार आली आणि उंदीर मरून पडल्याचे दिसले. सप्टेंबरच्या मध्यास गाठीच्या तापाचे संशयित रुग्ण आढळले. त्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली आणि लाखो लोक ते शहर सोडून गेले. रोगाचा माणसांतील पहिला संशय येण्यापूर्वी काही आठवडे गावाने त्याची खूण पाहिली होती आणि सांगितलीही होती. पिसवा चावतात, ही तक्रार कोणत्याही कार्यालयात किती क्षुल्लक वाटेल, याचा विचार येथे जमलेल्या प्रत्येकाने करून पाहावा.

एखाददुसरा उंदीर मांजराने, विषाने वा वयाने मरतोच, त्यात गाव हादरविण्याचे कारण नाही. परंतु कोणी विष घातलेले नसताना दोन-चार दिवसांत निरनिराळ्या घरांत उंदीर मेलेले आढळले, किंवा वापरात नसलेल्या खोलीत जाताच पायांवर पिसवा उड्या मारू लागल्या, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये; त्याचे अंग थंड होऊ लागताच पिसवा त्याला सोडून दुसरे उबदार शरीर शोधतात. याच कारणास्तव अशा वेळी उंदीर मारण्याची मोहीम आधी हाती घेणे घातक ठरते. प्रथम आरोग्य खात्याकडून बिळांत व घरांत पिसवांसाठी कीटकनाशक, त्यानंतर उंदरांचा बंदोबस्त, हा क्रम उलटा करू नये. ताप येऊन जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ आलेल्या माणसाला विलंब न करता दवाखान्यात न्यावे. वेळीच प्रतिजैविके मिळाली तर रोगी बरा होतो.

असा संशय नसलेल्या एरवीच्या दिवसांत गावाने बिळांची मोजणी करावी. संध्याकाळी सापडतील तेवढी सर्व बिळे चिखलाने लिंपून टाकावीत आणि सकाळी जी पुन्हा उकरलेली आढळतील ती जिवंत बिळे म्हणून त्यांचा आकडा लिहून ठेवावा. आमिष त्याच बिळांशी, मुले व जनावरे पोचणार नाहीत असे ठेवावे. पंधरा दिवसांनी पुन्हा लिंपावीत, पुन्हा मोजावीत. आकडा शून्यावर आला की काचेचे तुकडे व सिमेंट भरून बिळे कायमची बुजवावीत.