पाहिलेला भाव



मी अर्थशास्त्रज्ञ नाही, सांगलीतला हळदीचा अडत्या आहे. अडत्याला स्वागताध्यक्ष का करतात, हे मंडपाचं बिल पाहिलेल्यांना सांगायला नको.

तरी ‘मेंदू, भावना आणि आर्थिक निर्णय’ हा या परिषदेचा विषय कळला, तेव्हा वाटलं की इथं आपल्यालाही तोंड उघडता येईल. 2010 साली हळद चढली. आमच्याकडे माल लावणारे एक काका चाळीस पोती धरून बसले. पुढे भाव उतरत गेला, सोसायटीचं व्याज चढत गेलं, पण काकांचं एकच पालुपद : ‘त्या दिवशीच्या सौद्याला निघाला होता, तेवढा निघू दे.’ 2012 मध्ये मातीमोल विकली. मी त्यांना हसत नाही. त्यांच्या थप्पीला लागूनच माझी थप्पी होती.

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 साली हेच मांडलं. माणूस नफा-तोटा मोजतो तो मनात धरून ठेवलेल्या एका आकड्यापासून, आणि कमावल्याच्या आनंदापेक्षा गमावल्याची कळ त्याला जास्त लागते. कानेमन मूळचे मानसशास्त्रज्ञ; 2002 साली त्यांना नोबेल मिळालं ते मात्र अर्थशास्त्राचं. आमच्या काकांना नुसतं व्याज भरावं लागलं.

मग भावना काढून टाकली की व्यवहार चोख होईल? मेंदूविकारतज्ज्ञ आंतोनियो दामासिओ यांच्या एका रुग्णाचा कपाळामागचा मेंदू दुखावला होता. बुद्धी शाबूत, भावना बोथट. पुढच्या भेटीसाठी दोन तारखा सुचवल्या, तर गडी डायरी उघडून जवळजवळ अर्धा तास दोन्हींचे फायदे-तोटे मांडत बसला. अखेर डॉक्टरांनीच एक तारीख सांगितली. ‘ठीक आहे’ म्हणून त्यानं डायरी मिटली. अशा माणसाला सौद्याला उभं केलं, तर पहिल्या ढिगापाशीच दिवस मावळेल.

तेव्हा या दोन दिवसांत भावनेला तण समजून खुरपं हाती घेऊ नका, एवढीच यजमानाची विनंती. मनातला आणि बाजारातला, दोन्ही आमच्याकडे ‘भाव’च.

उद्या सकाळी मार्केट यार्डात हळदीचे सौदे आहेत, जरूर या. निघालेला दर तुम्ही टिपून घ्यालच. त्याआधी मालाचा धनी कुठं उभा आहे तेही पाहा. बोली सुरू झाली की बहुतेक जण ढिगापासून चार पावलं मागं सरकतात.

जेवण दीड वाजता, मंडपाच्या मागं.