उरलेल्या गोळ्या आणि वाडीवरचा श्वास

(कर्वेनगर येथे मिशनच्या सहकाऱ्यांच्या सभेत केलेले भाषण)



मी नर्स. निवृत्त झाल्यापासून मिशनच्या फिरत्या दवाखान्यातली औषधांची पेटी माझ्याकडे आहे. आज त्या पेटीबद्दलच बोलते. आपल्या कर्वेनगरात ज्येष्ठ मंडळी पुष्कळ. डॉक्टरांनी गोळी बदलली की जुन्या पट्ट्या कपाटात राहतात. ‘वाया कशाला घालवायच्या, वाडीवर कुणाला तरी उपयोगी पडतील,’ म्हणून तुम्ही त्या प्रेमाने आणून देता. त्यात रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या गोळ्या बऱ्याच असतात. त्या मी पुढे पाठवत नाही. का, ते सांगते.

ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘लॉल’ येतं त्या गोळ्या घ्या: प्रोप्रॅनोलॉल, ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल. जेम्स ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने प्रोप्रॅनोलॉल शोधलं आणि 1988 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. या गोळ्यांनी असंख्य हृदयरोग्यांचे प्राण वाचले आहेत, याबद्दल देवाचे आभारच मानावेत. त्या हृदयावरचा ॲड्रेनलिनचा जोर अडवतात, म्हणून ठोके संथ होतात. पण फुफ्फुसातल्या श्वासनळ्या मोकळ्या ठेवण्याचं कामही ॲड्रेनलिनच करतं. तिथे ते अडलं की दम्याच्या माणसाच्या नळ्या आवळतात. छातीत घरघर सुरू होते, आणि एरवी आराम देणारा इनहेलरही अशा वेळी नीट लागू पडत नाही. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल मुख्यतः हृदयावर काम करतात, म्हणून धोका कमी. पण दमा असेल तर तो पूर्ण टळत नाही. काचबिंदूसाठी डोळ्यात घालायचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा याच जातीचे. ‘डोळ्याचं तर औषध आहे,’ म्हणून ते कुणाला देऊ नका.

आता मुळशी-मावळकडची एखादी कातकरी वाडी डोळ्यांपुढे आणा. आजीने जन्मभर लाकडाच्या चुलीपुढे बसून भाकऱ्या थापल्या आहेत. त्या धुराने फुफ्फुसं कायमची दुखावतात. पण तिच्या दम्याचा कुठे कागद नाही. ‘तुम्हाला दमा आहे का?’ विचारलं तर ती ‘नाही’ म्हणेल. ‘चढण चढताना धाप लागते का? रात्री छातीत शीळ वाजते का?’ असं विचारलं, तर खरं काय ते सांगेल. हे न विचारता तिच्या हातात कर्वेनगरातल्या आजोबांची गोळी ठेवली, तर ती मदत होईल का?

दुसरी जात ‘प्रिल’ची: एनालाप्रिल, रामिप्रिल. या गोळ्यांनी दहातल्या साधारण एकाला कोरडा, चिवट खोकला लागतो, बायकांना जास्त. तो काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनीही सुरू होतो, म्हणून गोळीवर संशय जात नाही. माणूस खोकल्याच्या बाटल्या संपवत बसतो. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली की बहुतेकांचा खोकला काही आठवड्यांत थांबतो. पण आपल्या कार्यकर्त्यांनी उलटी चूकही करू नये. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर ‘गोळीचाच असेल’ म्हणून सोडू नका. थुंकीची तपासणी करून घ्याच. क्षयरोग अजून वाड्यांवर आहे. याच गोळ्यांनी क्वचित ओठ, जीभ, चेहरा सुजतो. तेव्हा वाट पाहू नका, पुढची गोळी देऊ नका, लगेच 108 ला फोन करा.

तुमच्यापैकी काहींची अँजिओप्लास्टी झाली आहे. त्यानंतर टिकाग्रेलॉर ही गोळी देतात. तिने दहातल्या एखाददुसऱ्याला दम लागल्यासारखं वाटतं. बहुधा ते सौम्य असतं आणि हळूहळू कमी होतं. ठोक्यांची लय सांभाळणारं ॲमिओडॅरोन दीर्घकाळ घेतल्यास काहींच्या फुफ्फुसांना इजा करतं. ते घेणाऱ्याला नवा खोकला किंवा धाप लागली तर डॉक्टरांना लवकर दाखवावं.

हे ऐकून आज घरी जाऊन कुणी गोळी बंद करू नका. ही माझी कळकळीची विनंती आहे. ‘लॉल’ची गोळी एकदम थांबवली तर छातीत दुखू शकतं, हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. स्टेंट बसवलेल्याने टिकाग्रेलॉर मनाने सोडलं तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. शिवाय धाप हृदय थकल्यामुळेही लागते. आडवं झाल्यावर दम कोंडत असेल, पावलं सुजत असतील, तर औषध कमी नव्हे, कदाचित जास्त लागेल. दोष गोळीचा की आजाराचा, हे तपासूनच कळतं. आपलं काम डॉक्टरांना नेमकं सांगण्याचं: गोळी कोणती, कधी सुरू झाली, त्रास कधी सुरू झाला. दम अचानक लागला, बोलता येईना, ओठ निळे पडले, तर थेट 108.

औषधाच्या त्रासाची नोंद करण्याची सोयही सरकारने केली आहे. 2010 पासून देशात औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा कार्यक्रम चालू आहे. 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतःही कळवू शकतो. वाडीवरच्या माणसासाठी हा फोन आपण करावा. त्याचा त्रास कुणीतरी लिहून घेतला पाहिजे.

रुग्णाला दिलेली आणि त्याने परत केलेली औषधं दान करू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात. गरिबाला आपल्यापेक्षा हलक्या प्रतीचं औषध का द्यावं? तेव्हा पट्ट्या नकोत. त्याऐवजी जनऔषधी केंद्रातून ताजी औषधं घेण्यासाठी पैसे द्या, रक्तदाबाचं यंत्र द्या, बोटाला लावून प्राणवायू मोजायचं यंत्र द्या, बिनधुराची चूल द्या. आणि ज्यांना जमेल त्यांनी महिन्यातला एक शनिवार द्या. गोळी सुरू केलेल्या माणसाकडे पंधरा दिवसांनी पुन्हा जायला माणसं हवी आहेत.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण सगळे जाणतो. त्याने जखमेवर तेल ओतलं, पट्टी बांधली, उतारशाळेत पैसे दिले, आणि परत येण्याचा शब्दही दिला. औषध देणं हा सेवेचा अर्धा भाग झाला. परत जाऊन ‘श्वास कसा चाललाय, आजी?’ असं विचारणं, हा उरलेला अर्धा. तेवढं बळ प्रभूने आपल्याला द्यावं, हीच प्रार्थना.